युरियाचं पोतं आणि सारख्या भरलेल्या नळ्या

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळातली मंडळी घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा." बहुतेकांची अपेक्षा असणार की मी साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर नाहीतर सांगलीच्या पटवर्धनांवर लिहीन. त्या विषयांवर माझ्यापेक्षा जाणकार माणसं गावात आहेत. मी पडलो बँकवाला. माझा सगळा जन्म सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाखांमधून पीककर्जाचे कागद करण्यात गेला. म्हणून त्या कागदांवर हजारो वेळा लिहिलेल्या एका शब्दाचा इतिहास मी इथे सांगणार आहे. तो शब्द म्हणजे 'खत'.

आज आपण सगळे फ्लॅटमध्ये राहतो. पण आपल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचं मूळ कुठल्या ना कुठल्या शेतात आहे. कुणाचा ऊस वाळव्याकडे, कुणाची द्राक्षबाग तासगावला, कुणाची हळद मिरजेच्या बाजूला, तर कुणाचं आलं कोरेगावला. आपली शिक्षणं झाली, नोकऱ्या लागल्या, या सोसायटीचे हप्ते फिटले, त्यात त्या शेतांचा वाटा मोठा आहे. आणि त्या शेतांना गेल्या साठ वर्षांत ज्याने उभारी दिली, त्यात पाण्याच्या खालोखाल नाव घ्यावं लागेल ते पांढऱ्या दाण्याच्या पोत्याचं. आपण सगळे त्याला युरिया म्हणतो.

मी १९७३ साली बँकेत लागलो. दुष्काळ नुकताच सरला होता. त्याच सुमारास अरब देशांनी तेलाचे भाव वाढवले आणि १९७४ मध्ये युरियाचा दर जवळजवळ दुप्पट झाला. विकास सोसायटीच्या दारात एका पोत्यासाठी माणसं सकाळपासून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला होता, "सायेब, रोख रक्कम नगं, पोतं द्या." पैसे देणं माझ्या हातात होतं, पोतं देणं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की हे पोतं येतं तरी कुठून?

त्याचं उत्तर मला पुस्तकातून कमी आणि आमच्या दाजींकडून जास्त मिळालं.

दाजींचा धंदा

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. साताऱ्याजवळच्या खेड्यातले. आयटीआय करून फिटर झाले आणि ठेकेदाराच्या टोळीबरोबर देशभर फिरले. कारखाना दोन-तीन आठवड्यांसाठी बंद ठेवून आतली दुरुस्ती करतात, त्याला 'शटडाउन' म्हणतात. दाजींची टोळी अशा शटडाउनला जायची. दिवाळीला घरी आले की आम्ही विचारायचो, "दाजी, तुमचं काम काय हो?" ते एकच सांगायचे, "नळ्या भरतो." आम्हाला वाटायचं, प्लंबिंगचं काही असेल. अक्काच्या सासरच्यांनाही तेच वाटायचं.

त्या नळ्या म्हणजे खत कारखान्याचं काळीज, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

हवेतून खत

गोष्ट थोडी मागून सुरू करतो. पिकाला नत्र लागतं. आपल्या भोवतालच्या हवेत पाच भागांतले जवळजवळ चार भाग नत्रच आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. ते आधी दुसऱ्या कशाशी तरी बांधावं लागतं. जर्मनीत फ्रित्झ हाबर या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत नत्र आणि हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनियाची धार काढून दाखवली. कार्ल बॉश याने त्याचा कारखाना उभा केला आणि १९१३ मध्ये ओपाऊ या गावी तो सुरू झाला. पुढे दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळालं, हाबरला १९१८ चं आणि बॉशला १९३१ चं. हाच अमोनिया पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठीही वापरला गेला, हेही इतिहासात नोंदलेलं आहे.

या संयोगासाठी उत्प्रेरक लागतो. कारखान्यातली माणसं त्याला कॅटलिस्ट म्हणतात. उत्प्रेरक म्हणजे काय, हे मी माझ्या पद्धतीने सांगतो. आपल्याकडे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ असतो. तो दोन्ही घरांत जाऊन गाठ घालून देतो. लग्न लागलं की तो मोकळा, पुढच्या सोयरिकीला हजर. लग्न त्याचं नसतं, पण त्याच्यावाचून ते जमतही नाही. उत्प्रेरकाचं तसंच. बॉशच्या हाताखाली आल्विन मिटाश नावाच्या रसायनतज्ज्ञाने हजारो प्रयोग करून शेवटी लोखंडाचा स्वस्त आणि टिकाऊ उत्प्रेरक शोधला. अमोनियाच्या संयोगासाठी आजही मुख्यतः त्याच्याच वंशातला उत्प्रेरक वापरतात.

नत्र हवेतून मिळतं. हायड्रोजन कुठून आणायचा? सुरुवातीला तो कोळशापासून काढत. आपल्या देशातलं पहिलं मोठं सरकारी खत केंद्र सिंद्री. तिथे १९५१ मध्ये उत्पादन सुरू झालं, तेही कोळशाच्याच जोरावर. पण तोवर परदेशात दुसरी वाट सापडली होती. नैसर्गिक वायू आणि पाण्याची वाफ एकत्र करून निकेलच्या उत्प्रेरकावरून तापत्या नळ्यांमधून न्यायची. वायूतला आणि वाफेतला हायड्रोजन मोकळा होतो. ज्या भट्टीत या नळ्या उभ्या असतात तिला रिफॉर्मर म्हणतात. अमेरिकेत १९३० च्या सुमारास असे रिफॉर्मर चालू झाले. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीने नाफ्थ्यावरही, म्हणजे पेट्रोलच्या जवळच्या एका हलक्या तेलावरही, हीच युक्ती चालवून दाखवली. ज्या देशांत नैसर्गिक वायू नव्हता त्यांची त्यामुळे मोठी सोय झाली.

ट्रॉम्बे ते थळ

महाराष्ट्रात हा इतिहास मुंबईच्या ट्रॉम्बेला सुरू होतो. तिथला खत कारखाना १९६५ साली चालू झाला. शेजारीच तेलशुद्धीकरणाचे कारखाने, त्यामुळे कच्चा माल हाताशी. 'सुफला' हे नाव आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं ते या कारखान्यामुळे. आपल्याकडे दुकानात जाऊन "पंधरा-पंधरा-पंधरा द्या" म्हणतात, ते हेच सुफला.

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात 'बॉम्बे हाय'ला तेल लागलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेलाबरोबर वायूही होता आणि पुढे तो नळाने उरणच्या किनाऱ्याला आला. १९७८ मध्ये जुन्या खत महामंडळाची फेररचना होऊन राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफ, ही सरकारी कंपनी झाली. ट्रॉम्बे तिच्याकडे आलं. मग अलिबागजवळ थळ-वायशेतला तिचा नवा कारखाना उभा राहिला आणि १९८५ च्या सुमारास सुरू झाला. दररोज १३५० टन अमोनिया करणारे दोन संच आणि १५०० टन युरिया करणारे तीन. अमोनियाचं तंत्र डेन्मार्कच्या हाल्डोर टॉप्सो कंपनीचं, युरियाचं इटलीच्या स्नामप्रोगेत्तीचं, वायू आपल्या समुद्राचा.

बँकवाल्याच्या सवयीने हिशेब करतो. दिवसाला ४५०० टन युरिया म्हणजे पन्नास किलोची ९०,००० पोती. एका पोत्यामागे साधारण २८-२९ किलो अमोनिया लागतो आणि त्या अमोनियात हायड्रोजन असतो जेमतेम पाच किलो. बाकी सगळं नत्र. पण ते पाच किलो मिळवणं हेच खरं अवघड काम. ते होतं दाजींच्या नळ्यांमध्ये.

नळी भरायची कशी

आता मुख्य गोष्ट. रिफॉर्मर म्हणजे चारपाच मजली इमारतीएवढी भट्टी. तिच्यात दोनशे-तीनशे नळ्या रांगेने उभ्या टांगलेल्या असतात. एकेक नळी दहा ते तेरा मीटर लांब, म्हणजे आपल्या इमारतीच्या गच्चीपासून जवळजवळ तळापर्यंत. आतून मात्र अरुंद, चार-पाच इंचांची. क्रोमियम आणि निकेल घातलेल्या खास पोलादाची. बाहेरून बर्नरच्या ज्वाळा. नळीची भिंत नऊशे अंशांच्या आसपास तापलेली. आत वायू आणि वाफ, दाब वातावरणाच्या तीसेक पट. आपल्या घरच्या कुकरमध्ये तो जेमतेम दुप्पट असतो, यावरून कल्पना करा.

या नळ्यांत जो उत्प्रेरक भरतात तो निकेल चढवलेल्या चिनीमातीसारख्या कड्यांचा असतो. बोटाच्या पेराएवढी कडी, मधे भोक. दाजींनी एकदा खिशातून काढून दाखवली होती. अक्काला वाटलं बांगडीवाल्याकडचं काहीतरी आहे. एका नळीत शंभर किलोच्या आसपास माल बसतो. दोनशे नळ्या धरल्या तर वीस टन.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, ओतायचं वरून. तिथेच तर मेख आहे. बारा मीटरवरून कडी टाकली तर खाली पडून तिचे तुकडे होतात. तुकडे झाले की वायूला वाट राहत नाही. म्हणून दाजी 'मोजे' वापरत. लांबट अरुंद पिशवी, पायमोज्यासारखी, नळीपेक्षा थोडी बारीक. त्यात वजन करून माल भरायचा, एका मोज्यात दहा किलोच्या आसपास. खालचं तोंड दुमडायचं, वरच्या टोकाला दोरी बांधायची. मोजा हळूहळू नळीत सोडायचा. तळाला टेकला असं हाताला कळलं की दोरीला एक झटका. दुमड सुटते आणि कड्या अलगद खाली बसतात. कडी अर्ध्या मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडता कामा नये, हा नियम. मग मोजा वर ओढायचा आणि दुसरा सोडायचा. एका नळीला दहा मोजे. दोनशे नळ्यांना दोन हजार मोजे. आणि प्रत्येक मोज्याच्या वेळी हाताला तीच जाणीव हवी.

दाजी म्हणायचे, "दोरीच सांगती माल कुठं टेकला ते. डोळ्यांनी काय दिसत न्हाई."

भरण्याआधीची तयारीही मोठी. जुना माल व्हॅक्यूमच्या पाइपने ओढून काढायचा. तो आधी नीट थंड आणि निवांत केलेला असावा लागतो, नाहीतर हवा लागली की आपोआप तापतो. मग रिकाम्या नळीत दिवा सोडून बघायचं. तळाची जाळी धड आहे का, जुना एखादा तुकडा अडकला नाही ना. नवा माल चाळायचा, चुरा बाजूला काढायचा. निकेलची धूळ अंगाला वाईट, म्हणून तोंडाला मास्क. माल भिजू द्यायचा नाही. कोकण किनाऱ्यावर अवेळी पाऊस आला की ताडपत्र्या घेऊन पळापळ. खिशात नाणं, पेन, किल्ली काही ठेवायचं नाही. नळीत पडलं तर सगळी नळी रिकामी करावी लागते.

भरताना मधे मधे नळीला मऊ हातोड्याने ठोके द्यायचे, म्हणजे माल नीट बसतो. कधी कधी कड्या एकमेकींत अडकून आत कमान धरतात. वरून नळी भरलेली दिसते, पण कमानीखाली पोकळी राहते. यालाच त्यांच्या भाषेत ब्रिजिंग म्हणतात. शेतकरी घरातल्या वाचकांना सांगायचं तर कणगीत ज्वारी अडकते आणि खाली पोकळ राहते, तसंच.

सारखं का भरायचं

आपल्या इमारतीचंच उदाहरण घ्या. सुरुवातीची चार-पाच वर्षं वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं आणि खालच्यांच्या बादल्या भरून वाहत होत्या. सर्वसाधारण सभेत त्यावरून काय काय झालं, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. पाणी सोपी वाट धरतं. शेतातही एक सरी सखल राहिली की पाट तिकडेच धावतो आणि वरची सरी कोरडी राहते. वायूचंही तसंच. सगळ्या नळ्यांना वायू एकाच मोठ्या पाइपातून मिळतो. ज्या नळीत माल दाट बसला तिच्यातून वायू कमी जातो, जिथे सैल बसला तिथून जास्त.

आता गंमत अशी, की आत चालणारी रासायनिक क्रिया उष्णता शोषून घेते. म्हणजे वायूच नळीला थंड ठेवतो. ज्या नळीत वायू कमी, तिला बाहेरून ज्वाळा तेवढीच लागते, पण आतून थंडावा मिळत नाही. ती इतरांपेक्षा जास्त तापते. आत पोकळी राहिली असेल तर तेवढ्याच जागी तापते. या नळ्या साधारण एक लाख तास, म्हणजे साडेअकरा वर्षं टिकाव्यात अशा बेताने बनवतात. पण नळी वीसेक अंशांनी जरी जास्त तापत राहिली, तरी तिचं आयुष्य निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे. वीस अंश म्हणजे नऊशेच्या पुढे चिल्लर. पण बुडवणारी चिल्लर.

भट्टीच्या भिंतीला लहान खिडक्या असतात. ऑपरेटर त्यांतून आत बघतो. सगळ्या नळ्या एकसारख्या दिसल्या तर ठीक. कुठे उजळ ठिपका दिसला तर 'हॉट स्पॉट'. पट्टे दिसले तर ते लोक त्याला 'वाघाची शेपटी' म्हणतात, आणि ठिपक्यांची जाळी दिसली तर 'जिराफाची मान'. जगभरच्या कारखान्यांत हीच नावं आहेत. भट्टीत प्राणी दिसायला लागले की झोप उडते, असं दाजी सांगायचे.

म्हणून नळी भरून झाली की परीक्षा. ठरावीक मापाची हवा नळीतून सोडायची आणि दाब किती पडतो ते मोजायचं. अर्धी भरल्यावर एकदा, पूर्ण भरल्यावर पुन्हा. सगळ्या नळ्यांची सरासरी काढायची. प्रत्येक नळी सरासरीच्या पाच टक्के अलीकडे किंवा पलीकडे, एवढ्यातच बसली पाहिजे. दाब कमी पडला तर ठोके देऊन माल बसवून वर भर घालायची. जास्त पडला तर उपाय एकच. अख्खी नळी रिकामी करायची आणि पहिल्या मोज्यापासून पुन्हा भरायची. प्रत्येक नळीचा नंबर, मालाचं वजन, उंची, दाब आणि भरणाऱ्याची सही, एवढं तक्त्यात लिहायचं. आमच्या लेजरसारखंच.

पुढे नॉर्वेच्या खत उद्योगातून मोज्याशिवाय भरायची पद्धत आली. दोरीला ब्रशासारख्या स्प्रिंगा लावून ती नळीत सोडतात आणि माल तिच्यावरून घरंगळत हळू उतरतो. काम लवकर होतं, नळ्या जास्त सारख्या भरतात. दाजींनी तीही शिकून घेतली. "चांगली हाय," म्हणाले, "पण दोरी हातात धरायची ती धरायचीच."

एका सहीची गोष्ट

आता जी गोष्ट सांगतो ती दाजींनी मला फार उशिरा सांगितली, दोघंही निवृत्त झाल्यावर. कारखाना कुठला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

शटडाउनचा शेवटचा टप्पा. पहाटेचे तीन. सकाळी झाकणं लावून भट्टी पेटवायची असं वरून ठरलेलं. शेवटच्या रांगेतली एक नळी दाब जास्त दाखवत होती, सरासरीपेक्षा आठ टक्के. रिकामी करून पुन्हा भरायला तीन-चार तास. पोरं दोन दिवस धड झोपली नव्हती. तिथला साहेब म्हणाला, "अहो, एवढ्या नळ्यांत एका नळीनं काय होतंय?" दाजींनी तक्त्यात आठच्या जागी चार लिहिलं आणि खाली सही केली.

सात महिन्यांनी त्या नळीवर उजळ पट्टा दिसला. काही आठवड्यांनी नळी फुटली. आतला वायू भट्टीतच पेटला, कारखाना बंद करावा लागला. कुणाला इजा झाली नाही. पण त्याच बाजूच्या खिडकीतून तासाभरापूर्वी एक पोरगा आत बघत उभा होता. नळीला वायू देणारा बारीक पाइप चेपून ती कायमची बंद केली आणि उरलेल्या नळ्यांवर कारखाना पुन्हा चालू झाला. चौकशी झाली. तक्ता काढला. तक्त्यात चार टक्के. सगळं नियमात. नळीच्या पोलादात दोष असेल, असं ठरलं.

"कुणी मला इचारलंच न्हाई, पाव्हणं," दाजी म्हणाले. "इचारलं असतं तर सांगितलं असतं का, ते बी ठाऊक न्हाई. पर त्यादिवसापास्नं आकडा हाय तसाच लिवला. नळी रिकामी करायला लागली तर केली. दोन साहेब नाराज झाले, एक ठेका गेला. जाऊ दे म्हटलं."

मी गप्प बसलो. कारण मलाही एक सही आठवली. पीककर्जाच्या कागदात एक रकाना असे, खत प्रत्यक्ष शेतात वापरल्याची खात्री केली का. मार्च अखेर, पन्नास प्रकरणं, एक जीप आणि तीही नादुरुस्त. मी टेबलावर बसून पन्नासही ठिकाणी 'होय' लिहिलं होतं. त्यातल्या एका शेतकऱ्याला पोतं मिळालंच नव्हतं. त्याच्या नावावर उचललेलं खत दुसऱ्याच कुणाच्या उसाला गेलं होतं. त्याचं पीक बसलं आणि कर्ज थकलं. माझ्या कागदानुसार त्याने खत वापरलेलं होतं. त्यामुळे दोष त्याचाच धरला गेला. हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर त्याने गाव सोडलं होतं. दाजींना हे मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. घरच्यांनाही हे आज इथेच कळेल.

इतिहासात कोण असतं

खताच्या इतिहासात हाबर आहे, बॉश आहे, बॉम्बे हाय आहे, १९७७ मध्ये आलेली सरकारची धारण किंमत आणि अनुदानाची योजना आहे. सिंद्रीच्या आपल्या शास्त्रज्ञांनी देशी उत्प्रेरक तयार केले, त्यांचाही मान मोठा. ही सगळी नावं पुस्तकांत सापडतात आणि सापडायलाच हवीत. पण दोरी हातात धरून दोन हजार वेळा मोजा अलगद टेकवणारी माणसं कुठल्या पुस्तकात नाहीत. त्यांची खूण राहिली असेल तर त्या तक्त्यांमधल्या सह्यांत, आणि ते तक्ते बहुतेक रद्दीत गेले.

युरियाने सगळं भलंच केलं असंही नाही. कृष्णाकाठची कितीतरी जमीन आज क्षारपड आहे. त्याचं मोठं कारण अमाप पाणी. पण "एक पोतं पडलं तर चांगलं, मग दोन पडली तर आणखी चांगलं" या हिशेबानेही मातीचं नुकसानच केलं. पोतं पूर्वी पन्नास किलोचं होतं, २०१८ पासून पंचेचाळीसचं झालं. त्यामागे वापर आवरण्याचाच विचार होता. बेताने आणि सारखं देणं हे नळीला लागू, तसंच शेतालाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी दाजींना फोनवर वाचून दाखवला. वय ऐंशीच्या पुढे, कानांनी कमी ऐकू येतं, अक्काला मधे मधे मोठ्याने सांगावं लागलं. वाटलं होतं, सहीची गोष्ट काढून टाका म्हणतील. तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती. पर एक लिवायचं राहिलं. वर मी एकटा नसायचो. खाली मोजे भरणारी, वजन करणारी पोरं असायची. एकानं जरी वजनात गडबड केली तर माझी दोरी काय करणार? त्यांचं लिवा."

तर त्यांचं लिहिलं. त्यांची नावं दाजींनाही आता आठवत नाहीत.

पंचवीस वर्षं या सोसायटीचे हिशेब तपासण्याचं काम अधूनमधून माझ्याकडे आलं. शंभर रुपयांच्या व्हाउचरवरून मी सेक्रेटरींना तीन-तीनदा फोन करायचो. काही जणांनी मला किरकोळ माणूस म्हटलं, काहींनी तोंडावरही म्हटलं. त्यांच्यावर माझा राग नाही. मी असा का वागत होतो, ते या लेखात आलं आहे.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. पुढच्या वेळी शेतावर गेलात आणि बांधावर युरियाचं रिकामं पोतं दिसलं, तर क्षणभर थांबून त्या माणसांची आठवण काढा.

(लेखक सोसायटीचे संस्थापक सभासद व निवृत्त बँक अधिकारी आहेत.)